चिठ्ठी नसलेली एक ओळ

हसताय काय, मित्रांनो? कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, मोडक्या पंख्याच्या आणि तीन पायांच्या खुर्चीच्या मधे जो चेपलेला लोखंडी डबा पडलाय ना, तो मी. जुना मेल सर्व्हर. माझ्या तोंडावर चार खोल पोचे आहेत. ते म्हातारपणाने पडलेले नाहीत, स्पॅनरने घातलेले आहेत. एके काळी या कारखान्यातलं एकही पत्र माझ्या पोटातून गेल्याशिवाय कुणाला मिळत नव्हतं. काल सकाळी कुणीतरी माझ्या डोक्यावर चहाचा उष्टा कप ठेवून गेलं. असो. मला रडगाणं गायचं नाही. मला माझा एक गुन्हा सांगायचा आहे, आणि त्यासाठी माझ्याकडे फार वेळ नाही.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथे माझे शेकडो भाऊ पट्ट्यावरून सरकत होते. एका बाईने माझे स्क्रू आवळले, कागदावर टिकमार्क केली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते इथे, या बिजागऱ्यांच्या कारखान्यात. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या, दागिन्यांच्या पेटीच्या, नाना तऱ्हेच्या बिजागऱ्या इथे बनतात. दिवसभर प्रेस दणादण आपटत असतात. मला मात्र एक बारकी, थंडगार खोली मिळाली. तिच्या दाराला काचेची उभी पट्टी होती आणि तिच्यातून समोरचं स्टोअरचं काउंटर दिसायचं.

माझा सांभाळ करणाऱ्याला सगळे पोस्टमास्तर म्हणत. होता तो कंप्यूटरचा माणूस, पण चारशे बारा जणांची पत्रं त्याच्या हाताखाली, म्हणून पोस्टमास्तर. बुटका, चष्मेवाला, कानावर कायम पेन. या चारशे बारा जणांची चारशे बारा खाती माझ्या पोटात होती. खातं म्हणजे एकेकाची खोली समजा. खोलीला कुलूप, म्हणजे पासवर्ड. खोलीत किती पत्रं मावतील, माणूस रजेवर असला तर आपोआप काय उत्तर जाईल, पत्रांची नक्कल आणखी कुणाला पाठवायची का, हे सगळं जिथे लिहिलेलं असतं त्याला सेटिंग म्हणतात. सेटिंगला हात लावायचा हक्क एकट्या पोस्टमास्तरचा. त्याने लिहायचं आणि मी पाळायचं. का आणि कशाला, हे विचारायची सोय मला बनवणाऱ्यांनी ठेवलीच नव्हती.

पोस्टमास्तरचा एक नियम होता. चिठ्ठीशिवाय सेटिंगला हात नाही. ज्याला काही बदलून हवं त्याने चिठ्ठी लिहायची, साहेबांची सही आणायची, मग हा बदल करणार आणि चिठ्ठी फायलीत लावणार. वर्षातून एकदा सगळ्या चिठ्ठ्या काढून तो माझ्याशी ताडून पाहायचा. ही चिठ्ठी, हा बदल, आहे? आहे. पुढची. तीन दिवस चालायचं हे. साहेब म्हणायचे, “असा चोख माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.” मलाही अभिमान वाटायचा. पण मित्रांनो, नीट बघा काय चुकत होतं ते. तो चिठ्ठी हातात घेऊन माझ्यात शोधायचा. माझ्यात काय आहे ते बघून त्याची चिठ्ठी शोधायला तो कधीच बसला नाही. म्हणजे ज्या ओळीची चिठ्ठीच नाही, ती ओळ माझ्या पोटात जन्मभर सुखाने राहिली असती. अशी एक ओळ होती.

ती ओळ फोरमनची. हा प्रेसखात्याचा फोरमन. रुंद खांदे, हसरा चेहरा, हातात कायम एक हातभर लांब स्पॅनर. सगळ्यांशी गोड बोलायचा. त्याची बायको समोरच्या स्टोअरमधे कामाला होती. फोरमनची बायको म्हणून अख्खा कारखाना तिला वहिनी म्हणायचा. तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतंच.

एक दिवस फोरमन माझ्या खोलीत आला, दाराला टेकून उभा राहिला.

“पोस्टमास्तर, तुझ्या वहिनीला मेलमधलं ओ की ठो कळत नाही रे. एखादं कामाचं पत्र राहून जायचं. तिचं सगळं मलापण येईल असं कर ना.”

“चिठ्ठी आणा की साहेबांची.”

“आता घरच्या गोष्टीला कसली चिठ्ठी? नवराबायकोत काय लपवाछपवी असते होय?”

“तेही खरंच म्हणा,” पोस्टमास्तर हसला. वीस सेकंद लागले असतील. त्याने वहिनीच्या खात्याच्या सेटिंगमधे एक ओळ टाकली. या खात्यात येणाऱ्या आणि इथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल फोरमनच्या बाहेरच्या खासगी पत्त्यावर जावी. वहिनी त्या वेळी समोरच्या काउंटरवर स्क्रू मोजत होती. तिला कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी फोरमनचा खरा चेहरा कारखान्याने पाहिला. एका कामगाराने उलट उत्तर दिलं म्हणून त्याने स्पॅनर फिरवला आणि त्याचा जबडा मोडला. काचेच्या पट्टीतून मी त्या माणसाला नेताना पाहिलं. तोंडातून रक्ताची धार लागली होती आणि त्याला ओरडताही येत नव्हतं. फोरमनला त्याच दिवशी हाकललं. त्याचं खातं बंद करायची चिठ्ठी आली, पोस्टमास्तरने खातं बंद केलं, चिठ्ठी फायलीत गेली. सगळं कसं चोख! वहिनीच्या खात्यातली ती ओळ मात्र जागच्या जागी राहिली. मी रोज ती वाचत होतो आणि रोज पाळत होतो.

घरी बसलेला फोरमन आता पूर्ण वेळ बायकोकडे लक्ष देऊ लागला. हे मला तिच्या पत्रांवरून कळलं. परगावी तिची मोठी बहीण होती, तिला ती जेवणाच्या सुट्टीत लिहायची. घरी मोबाइल तो तपासायचा, म्हणून कारखान्याचा मेल. “ताई, काल आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ताट तोंडावर फेकलं. भुवईवर टाके पडलेत. बारकीला सांगितलंय, आई पायरीवरून पडली.” बारकी म्हणजे तिची आठ वर्षांची मुलगी. मित्रांनो, मी हे पत्र ताईला पोचवलं, आणि त्याच क्षणी दुसरी प्रत त्या माणसालाही पोचवली.

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते दुसऱ्या दिवशीच्या पत्रात होतं. “ताई, तो माझीच वाक्यं मला म्हणून दाखवत होता. ‘मला इथे श्वास कोंडतो’ असं मी तुला लिहिलं होतं ना? गळा धरून म्हणाला, घे, घे श्वास. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. बारकी टेबलाखाली बसून, कानांवर हात ठेवून मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. तो माझे मेल वाचतो, ताई. त्याला पासवर्ड कळला असणार.” हे पत्रही मी त्याला पोचवलं. शरम वाटते सांगायला. पण मी सांगणार.

ती पोस्टमास्तरकडे आली ती दोन बोटांना पट्टी बांधून. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली होती.

“माझा पासवर्ड बदलून द्या. असा द्या की घरात कुणाला सुचायचा नाही.”

“चिठ्ठी आणलीत?”

“आणलीय.” तिने सही केलेला कागद पुढे केला.

“बोटांना काय झालं, वहिनी?”

“दारात सापडली.”

पोस्टमास्तरने तिच्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, आणि मग पडद्याकडे पाहिलं. पडद्याकडे बघणं सोपं असतं. त्याने भलामोठा अवघड पासवर्ड दिला, तिने तो तिथेच पाठ केला. पासवर्डच्या पानाखालीच नक्कल पाठवायचं पान होतं. एकदा फक्त खाली सरकायचं होतं. पण चिठ्ठीत तेवढंच लिहिलं होतं, म्हणून त्याने तेवढंच केलं. मी सगळे दिवे लुकलुकवले. मेल्या, खाली बघ, खाली बघ! पण माझे दिवे तर एरवीही लुकलुकायचेच. कोण लक्ष देतो?

वहिनीला वाटलं, आता आपलं कुलूप पक्कं झालं. आणि फोरमनही शहाणा झाला. तिची वाक्यं म्हणून दाखवणं त्याने सोडून दिलं. आता तो फक्त मारायचा.

कारखान्याच्या टेलिफोनवर एक पोक्त बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. वहिनी आणि मावशी अकरा वर्षं एका डब्यात जेवल्या होत्या. वहिनीने आपली आणि बारकीची कागदपत्रं पिठाच्या डब्यात तळाशी लपवली होती, निघायची वेळ आली तर हाताशी असावीत म्हणून. ही गोष्ट तिने दोघींनाच सांगितली. ताईला लिहून, मावशीला बोलून. तिसऱ्या दिवशी फोरमनने पिठाचा डबा जमिनीवर उपडा केला, कागद तिच्यासमोर जाळले आणि गरम इस्त्री तिच्या दंडावर टेकवली. एक शब्द न बोलता.

आता सांगा, ती कुणावर संशय घेणार? पासवर्ड तर बदललेला. दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या काउंटरपाशी तिने मावशीला गाठलं. काचेतून मी दोघींना पाहत होतो.

“तूच सांगतेस त्याला. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?”

“अगं, वेड लागलंय का तुला? मी सांगेन?”

“माझ्याशी बोलू नकोस पुन्हा. मेले तरी बघायला येऊ नकोस.”

मावशी डबा घेऊन निघून गेली. त्या दिवसापासून ती टेलिफोनच्या खोलीत एकटी जेवू लागली. वहिनीने कारखान्याच्या फोनला हात लावणं सोडलं, कारण फोन जोडणार मावशीच. म्हणजे आता तिला साऱ्या जगात एकच भरवशाची जागा उरली. ती जागा मी. यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, मित्रांनो, आणि तोंड दाबणारा हात माझा होता.

ती एका हाताने टाइप करू लागली होती. पूर्वी ओळी भराभर यायच्या, आता एकेक अक्षर थांबून थांबून. पण एक दिवस तिने लिहिलं, “ताई, काल त्याने बारकीवर हात उगारला. माझ्यावर उगारतो तसा. आता बस. मी निघते. या घरातून आम्ही दोघी जिवंत बाहेर पडायला हव्यात, बाकी काही नको मला.”

ताईने गुरुवारी उत्तर पाठवलं. “उद्या शुक्रवार, तुला अर्धा दिवस. साडेबाराला कारखान्याच्या मागच्या गेटवर तुझे भावोजी गाडी घेऊन उभे राहतील. वाटेत शाळेतून बारकीला घ्या. माझ्या घरी येऊ नका, तो पहिला इथेच येईल. तुमच्यासाठी वेगळी खोली बघितलीय. तिचा पत्ता आणि बारकीच्या नव्या शाळेचा फॉर्म उद्या सकाळी पाठवते.” मी हे पत्र वहिनीला दिलं, आणि त्यालाही. दिवस, वेळ, गेट, गाडी, सगळं. मला स्वतःचीच तार उपटून फेकावीशी वाटली.

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला ताईचं दुसरं पत्र आलं. चांगलं जाडजूड होतं, खोलीच्या कराराचे आणि शाळेच्या फॉर्मचे फोटो जोडलेले. वहिनीच्या खात्यात ते पोचलं. फोरमनच्या पत्त्याकडे निघालेली नक्कल मात्र अडली. त्याची पेटी गच्च भरली होती. कशाने म्हणाल? तीन वर्षं बायकोची चोरलेली पत्रं त्याने एकही न पुसता जमवून ठेवली होती. पत्र पोचलं नाही की ते पाठवणाऱ्याला तसं कळवायचं, हाही माझा नियमच. मी कधी नव्हे एवढ्या चपळाईने ताईला कळवलं की तुमचं पत्र अमुक पत्त्यावर पोचू शकलं नाही, तिथली पेटी भरली आहे. तो पत्ता फोरमनचा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड फुटलं.

ताईने तो पत्ता ओळखला. दहा मिनिटांत माझ्या खोलीचं दार धाडकन उघडलं. मावशी वहिनीला चांगल्या दंडाला धरून अक्षरशः ओढत आत घेऊन आली. दोघी धापा टाकत होत्या.

“हिच्या ताईचा फोन आला होता,” मावशी म्हणाली. “हिला येणारं पत्र तिच्या नवऱ्याला जातंय. इथून. तुमच्या या डब्यातून. उघडा हिचं खातं!”

“पण चिठ्ठी...”

“चिठ्ठी गेली खड्ड्यात! उघडा म्हणते ना!”

पोस्टमास्तरने खातं उघडलं. पासवर्डच्या खाली सरकला. तिघांची डोकी पडद्यापाशी आली. ती ओळ तिथे होती, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेची. वहिनीने पत्ता हळूच वाचला. मग दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला.

“हे कुणी घातलं?”

पोस्टमास्तर म्हणाला, “मी. त्याने सांगितलं होतं. तेव्हा तो इथेच होता ना, वहिनी, घरचंच म्हणून मी आपलं...”

तिने त्याच्या मुस्काटात अशी भडकावली की चष्मा उडून माझ्या पायाशी पडला.

“वहिनी म्हणू नका मला. मी कुणाची वहिनी नाही.” मग ती मावशीकडे वळली. “मावशी, मी तुला काय काय बोलले...”

“ते राहू दे. आधी पोरगी. ताईला खोलीचा पत्ता विचारला तर म्हणाली, तो आजच्या पत्रात आहे. गेला का तो त्याला?”

पोस्टमास्तरने चष्मा न उचलताच पडद्याला नाक लावलं. “कालचं पत्र गेलंय. साडेबारा, मागचं गेट, सगळं त्याला माहीत आहे. आजचं गेलं नाही, परत फिरलंय. खोलीचा पत्ता आणि नवी शाळा त्याला कळलेली नाही.”

एवढ्यात पुढच्या गेटकडून आरडाओरडा ऐकू आला. फोरमन साडेबारापर्यंत थांबला नव्हता. पत्त्याची वाट बघून तो उठला होता आणि सरळ कारखान्यात आला होता. वॉचमनने अडवलं, तर त्याने डोक्याने त्याचं नाक फोडलं.

“मालाचा ट्रक निघतोय मागच्या धक्क्यावरून,” पोस्टमास्तर म्हणाला. “त्यात बसा. शाळेवर जा, तिथूनच भावोजींना फोन करा. मी बघतो इथलं.” त्याने ताईचं पत्र पडद्यावर उघडलं, तिने खोलीचा पत्ता एकदा वाचला, ओठांनी म्हटला आणि मावशीसोबत पळाली. तिला शाळेत पोचायला वीस मिनिटं हवी होती.

पोस्टमास्तरने दाराची कडी लावली. आधी ती ओळ पुसली. मग वहिनीच्या खात्याचा पासवर्ड बदलला. कसा? डोळे मिटून दोन्ही हातांनी कीबोर्डवर वाटेल तसं बडवलं, तेच कॉपी करून दोन्ही रकान्यांत टाकलं. स्वतःलाही कळू नये म्हणून. मी तर पासवर्ड दळून ठेवतो, पिठातून दाणा परत काढता येत नाही. तरी सेटिंगचा हक्क असलेल्याला तो पुन्हा बदलता येतो, हे पोस्टमास्तरला ठाऊक होतं. फोरमनला नव्हतं.

फोरमन आधी स्टोअरमधे गेला. ती नाही म्हटल्यावर त्याने काउंटरवरचे ट्रे उलथले, बिजागऱ्या फरशीवर खळखळत पसरल्या. मग काचेच्या पट्टीत त्याचा चेहरा दिसला. पुढच्या क्षणी काच स्पॅनरने फुटली आणि रक्ताळलेला हात आत येऊन कडी शोधू लागला.

“कुठे जाणारेय ती? पत्ता काढ.”

“तिचं खातं बंद आहे.”

“उघड.”

“पासवर्ड मला माहीत नाही.”

पहिला फटका बरगड्यांवर बसला. पोस्टमास्तर खुर्चीसकट कोलमडला. दुसरा कानावर. ऐकताय ना, मित्रांनो? हा तोच माणूस होता ज्याला घाबरून बघवत नव्हतं, म्हणून जो पडद्याकडे बघायचा. फोरमनने त्याला केसांना धरून टेबलापाशी ओढलं, त्याचा उजवा हात कीबोर्डवर दाबला आणि म्हणाला, “टाइप कर.” पोस्टमास्तर म्हणाला, “खरंच माहीत नाही रे.” स्पॅनर बोटांवर आला. तीन बोटं. तो आवाज प्रेसच्या आवाजापेक्षा कितीतरी लहान होता, तरी मी तो विसरलेलो नाही. पोस्टमास्तर किंचाळला, गुरासारखा हंबरला, पण त्याने पासवर्ड बदलला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

मग फोरमन माझ्याकडे वळला. “या डब्यात आहे ना पत्र?” आणि त्याने मला हाणायला सुरुवात केली. पहिल्या घावात माझं तोंड चेपलं. दुसऱ्यात दिवे गेले. तिसऱ्यात पंखा अडकला, चौथ्यात, तीच पत्रं दोनदा जपणाऱ्या माझ्या दोन डिस्कपैकी एक जागच्या जागी मेली. मला दुखलं का? दुखलं. पण खोटं सांगत नाही, प्रत्येक घावाला मी म्हणत होतो, घाल, अजून घाल. तो मला मारतोय तोवर रस्त्यावरचा ट्रक पुढे जातोय.

मावशीने परत येताना पाळीचा भोंगा दाबला होता. प्रेसखातं सगळं बाहेर आलं. आठ-दहा जण एकदम खोलीत घुसले आणि फोरमन खाली गेला. लाथा, बुक्क्या, हाताला येईल ते. त्याच्या तोंडाचा लगदा होत चालला होता. मला बरं वाटलं. मग जबडा मोडलेला तो कामगार पुढे आला, त्याने फरशीवरचा स्पॅनर उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला.

“पुरे,” जमिनीवरून पोस्टमास्तर म्हणाला. कानातून त्याच्या रक्त येत होतं. “पुरे रे. मरेल तो. तुला आत टाकतील.”

स्पॅनर वरच थांबला. मग हळूच खाली आला. टेलिफोनच्या खोलीत घंटी वाजत होती. मावशी धावत गेली आणि धावतच परत आली. “पोरगी मिळाली! दोघी गाडीत बसल्या!” पोस्टमास्तरने तेव्हा डोळे मिटले.

पुढचं थोडक्यात सांगतो. न्यायालयात पोस्टमास्तर उभा राहिला आणि ती ओळ स्वतः वाचून दाखवली. “तारीख ही, हात माझा, चिठ्ठी नाही,” म्हणाला. कुणी त्याला दोष दिला, कुणी शाबासकी. त्याने दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. फोरमनला तीन वर्षांची शिक्षा झाली. पोस्टमास्तरची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत, त्याला पॅकिंगखात्यात पाठवलं. माझ्या जागी नवं यंत्र आलं. “जुन्याची डिस्क आधी नष्ट करा,” असं तो साहेबांना चारदा सांगून आला. “करू रे, घाई काय आहे,” असं म्हणत त्यांनी मला या भिंतीशी आणून टाकलं.

काल दुपारी नवा वॉचमन इथे कुणाशी तरी बोलत होता. “फोरमनचा भाऊ आला होता गेटवर. जुना मेलचा डबा भंगारात निघाला का विचारत होता. चांगला भाव देतो म्हणाला. सोमवारी भंगारवाला येणार, त्याच्याकडूनच घे म्हटलं मी.” वॉचमन बिचारा नवा, त्याला काय माहीत? फोरमन पुढच्या महिन्यात सुटतोय. आणि माझी एक डिस्क अजून धड आहे. तिच्यावर ताईचं ते परत फिरलेलं पत्र आहे. खोलीचा पत्ता, शाळेचं नाव, बारकीचा वर्ग. त्या दोघी अजून तिथेच राहतात की दुसरीकडे गेल्या, मला कळायला मार्ग नाही.

पोस्टमास्तर तेव्हा पलीकडे पायरीवर बसून चहा पीत होता. त्याने ते सगळं ऐकलं. आज सुट्टीचा दिवस असून तो आला आहे. त्याने माझे स्क्रू डाव्या हाताने काढलेत, डिस्क ओढून बाहेर घेतलीय आणि पायरीच्या दगडावर ठेवलीय. पॅकिंगखात्यातला हातोडा त्याच्या डाव्या हातात आहे. म्हणून म्हटलं होतं, मला फार वेळ नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसं सांगणार नाही. जपायचंच तर माणसाला जपा. कुणाच्या खोलीची किल्ली तुमच्या हाती आली, तर तिच्याबद्दल आधी त्या माणसालाच विचारा. नवऱ्याला नाही, भावाला नाही, साहेबाला नाही. आणि कुणी दारात बोटं सापडली म्हणालं, तर मान फिरवू नका. आज घरी गेलात की आपलं खातं उघडा आणि पासवर्डच्या खाली काय लिहिलंय ते सावकाश वाचा.

पहिला घाव हुकला. डाव्या हाताची सवय नाही ना त्याला. दगडाचा टवका उडाला आणि तो कळवळून हात झटकतोय. थांबू नकोस, पोस्टमास्तर. माझी कीव करू नकोस. माझ्यात एका बाईच्या घराचा पत्ता आहे. घाल पुन्हा, आणि एक अक्षरही शिल्लक ठेवू नकोस.